भीमेच्या खोऱ्यांतील युरेनियम

सिद्धटेकच्या गणपतीला जाणाऱ्या यात्रेकरूला भीमा भेटते ती काळ्या कातळाच्या प्रदेशांत. नगर जिल्ह्याची, म्हणजे 2024 पासून ज्याला अहिल्यानगर म्हणतात त्या जिल्ह्याची, दक्षिण सीमा कांहीं अंतरापर्यंत तिनेंच आंखिली आहे. परंतु भूशास्त्रज्ञाच्या तोंडीं 'भीमेचें खोरें' हे शब्द आले, तर त्याच्या मनांत हा प्रदेश नसतो. नदी खालीं कलबुर्गी व यादगीरकडे जाते, तेथील चुनखडीच्या जुन्या थरांविषयीं तो बोलत असतो. हे थर कोट्यवधि वर्षांपूर्वीं एका उथळ समुद्रांत सांचले. त्या वेळीं भीमा नदीच काय, सह्याद्रिही नव्हता.

हें खोरें आपणांस अगदींच अपरिचित आहे असें मात्र नाहीं. श्रोतेहो, पुण्यानगरच्या किती घरांतून ओट्याला आणि न्हाणीला शहाबादी फरशी बसविलेली आहे! ती फरशी म्हणजे त्याच समुद्राचा तळ. रॉबर्ट ब्रूस फूट या भूशास्त्रज्ञानें 1876 सालीं दक्षिण महाराष्ट्र देशाच्या भूरचनेवर ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यांत या थरांचें वर्णन आहे. पुढें शंभराहून अधिक वर्षें लोकांनीं त्यांच्याकडे पाहिलें तें फरशी, चुना आणि सिमेंट यांच्याच दृष्टीनें.

युरेनियम हें मूलद्रव्य क्लापरोट या जर्मन रसायनज्ञानें 1789 सालीं शोधिलें. पण राजकारणांत त्याला मोल आलें तें 1945 च्या ऑगस्टनंतर. स्वतंत्र भारतानें 1948 सालीं अणुशक्ति आयोग नेमिला, आणि दुसऱ्याच वर्षीं दाराशा नोशेरवान वाडिया यांच्या मार्गदर्शनाखालीं दुर्मिळ खनिजांच्या शोधासाठीं एक पथक उभें राहिलें. 1951 सालीं सिंहभूममधील जादुगुडा येथें यश लाभलें. त्यानंतर पुष्कळ काळ देशाची दृष्टि तिकडेच खिळून राहिली, हें स्वाभाविकच होतें. मग कॅनडांत, अथाबास्का नांवाच्या खोऱ्यांत, 1968 पासून अत्यंत समृद्ध साठे सांपडूं लागले. आणि तेही कोठें, तर जुन्या खडकावर नवे थर जेथें येऊन बसले आहेत नेमक्या त्या सांध्यापाशीं. आपल्याकडील कडप्पा, कलादगी आणि भीमा या खोऱ्यांना असाच सांधा आहे.

युरेनियम दगडांत स्वस्थ बसून राहात नाहीं. प्राणवायु मिसळलेल्या पाण्यांत तें विरघळतें, ग्रॅनाइटमधून झिरपत जातें, आणि वाटेंत कार्बनी द्रव्य किंवा गंधक व लोह यांचें खनिज भेटलें कीं पुन्हां घट्ट होतें. यादगीर जिल्ह्यांतील गोगी या गांवाजवळ 1990 नंतरच्या दशकांत अणुखनिज विभागाच्या भूशास्त्रज्ञांना जें आढळलें, तें याच जातीचें होतें. तेथें पूर्वपश्चिम धांवणारा एक मोठा प्रस्तरभंग आहे. त्याच्या कडेची भरडलेली चुनखडी आणि खालचा ग्रॅनाइट, या दोहोंत युरेनियम मिळालें, आणि त्याचें प्रमाण जादुगुड्याहून बरेंच अधिक. बेळगांव जिल्ह्यांत देशनूर येथें कलादगी खोऱ्याच्या वालुकाश्मांतही त्याच्या खुणा लागल्या.

मग नगरच्या कातळांत तें कां नसावें? आपला कातळ म्हणजे सुमारें साडेसहा कोटि वर्षांपूर्वीं वाहिलेला लाव्हा. त्यांत युरेनियम नांवापुरतेंच असतें. शिवाय तो एक झांकण होऊन बसला आहे. किरणोत्सर्ग मोजणाऱ्या यंत्राला हातभर मातीदगडापलीकडचें कांहीं कळत नाहीं. भीमेचे जुने थर या झांकणाखालीं शिरतात. किती दूरवर, हें बोअर घेतल्यावांचून सांगतां येत नाहीं. 1993 च्या भूकंपानंतर किल्लारीस बोअर घेतला, तो अर्थात् भूकंपाच्या अभ्यासासाठीं. त्यांत 338 मीटर कातळ लागला, मग गाळाचा एक पातळ थर, आणि लगेच आद्य खडक. शहाबादी चुनखडी तेथें लागलीच नाहीं.

पश्चिम आफ्रिकेंतील नायजर देशांत हेंच झांकण वाळूचें आहे. 1950 नंतरच्या दशकांत तेथें तांबें शोधीत असलेल्या फ्रेंच भूशास्त्रज्ञांना अझेलिक येथें युरेनियम लागलें. पुढें आर्लित येथें 1971 सालीं आणि अकूता येथें 1978 सालीं खाणी सुरू झाल्या. फ्रान्सच्या वीजकेंद्रांना त्यांचा मोठा आधार झाला. नायजर मात्र जगांतील अत्यंत दरिद्री देशांतच राहिला. 2021 सालीं अकूताची खाण बंद झाली, तेव्हां वाळवंटांत सुमारें दोन कोटि टन किरणोत्सर्गी गाळ मागें उरला होता.

गोगीस प्रायोगिक खाण खणण्यांत आली, तेव्हां गांवकऱ्यांनींही आपल्या विहिरींच्या पाण्याचा प्रश्न पुढें मांडिला. माझ्या मतें तो अडाणीपणाचा नव्हे, शास्त्राचाच प्रश्न आहे. ज्या भेगांतून हिंडणाऱ्या पाण्यानें हा साठा घडविला, त्याच भेगांतून आजही पाणी हिंडतें. आणि दुष्काळी मुलुखांत विहिरीला पाणी लागतें तें अशाच भेगांवर. कर्जत-श्रीगोंद्याच्या शेतकऱ्याला हें निराळें समजावून सांगावयास नको.