कोठार, उंदीर आणि दिव्याची वात : स्वराज्याच्या साठवणुकीची गोष्ट

१/ मराठ्यांच्या इतिहासात आपण तलवारी मोजतो, तोफा मोजतो, गड तर तोंडपाठ असतात. पण घोड्याला रोज दाणा लागतो, कोकणात चार महिने पाऊस कोसळतो आणि त्या काळात घाट ओलांडून रसद येत नाही. मग हे घोडे जगत कसे? आजचा थ्रेड कोठारांविषयी आहे. थोडा लांब आहे, पण नेटाने वाचावा.

२/ सुरुवात एका पत्रापासून. १६७०च्या दशकातील एका वैशाखात शिवाजी महाराजांनी चिपळूण तालुक्यातील हलवर्ण येथे छावणीस असलेल्या पागेच्या जुमलेदार, हवालदार आणि कारकुनांना एक सविस्तर ताकीदपत्र पाठविले. सैनिकांनी रयतेच्या धान्याला, भाकरीला, भाजीपाल्याला हात लावू नये, हवे ते बाजारातून विकत घ्यावे, ही त्यातील आज्ञा सर्वांना परिचित आहे. शाळेच्या भाषणांत आणि समाजमाध्यमांवर तीच फिरते. (भाजीच्या देठाचा सुप्रसिद्ध उल्लेख मात्र या पत्रातला नाही, तो प्रभावळीच्या सुभेदाराला लिहिलेल्या वेगळ्या पत्रातला आहे. दोहोंची गल्लत फार होते.)

३/ पत्राचा उरलेला भाग क्वचितच कोणी वाचतो. माझ्या मते खरा गाभा तिथेच आहे, कारण हे पत्र मुळात साठ्याविषयी आहे.

४/ परिस्थिती अशी होती. दाभोळच्या सुभ्यात पागेसाठी पावसाळ्याची बेगमी करून ठेवलेली होती. परंतु लष्कराचा मुक्काम चिपळुणास पडला आणि ती बरीचशी आधीच खर्ची पडली. त्यात वैशाखाचे वीस दिवस पागा आणखी बसून राहिली. आसपासच्या मुलखातही काही उरले नव्हते. अखेर गडोगडीचा गल्ला काढून जेमतेम तरतूद करावी लागली. म्हणजे आता कोठारात जे आहे तेवढेच आहे. नवीन काही येणार नाही.

५/ महाराज पुढे काय घडेल ते पायरीपायरीने मांडतात. आज मनाला येईल तसा दाणा आणि गवत उधळाल. पाऊस लागल्यावर साठा संपेल. घोडी उपाशी मरू लागतील, आणि त्यांचा जीव तुम्हीच घेतला असे होईल. मग तुम्ही कुणब्यांच्या घरात शिराल. जे अजून घर धरून राहिले आहेत तेही निघून जातील, आणि मोगल परवडले पण हे नकोत, अशी रयतेची भावना होईल.

६/ रयतेवरचा जुलूम इथे निव्वळ दुष्टपणातून जन्मत नाही. त्याचे बीज कोठाराच्या चुकलेल्या हिशेबात आहे. म्हणून त्यावरचा उपायही हिशेबाचाच. कारकून मोजून देईल तेवढाच रातीब रोज घ्यायचा. अमुकच द्या म्हणून त्याच्याशी हुज्जत घालायची नाही आणि कोठीत घुसून लूट तर मुळीच करायची नाही. घोड्याला रोज थोडे मिळाले पाहिजे, एकही दिवस उपास पडता कामा नये आणि साठा पावसाळाभर पुरला पाहिजे.

७/ यानंतर पत्र आगीकडे वळते. दिवस उन्हाळ्याचे, गवताच्या गंजी रचलेल्या, माणसे खणांत दाटीने राहिलेली. कोणी शेकोटी पेटवील, कोणी नको त्या जागी चूल मांडील, कोणी तंबाखूसाठी विस्तव नेईल. वारा कोणत्या दिशेने आहे, जवळ गवत पडले आहे का, याचा विचार कोणी करणार नाही. एक खण पेटला की सगळे खण जळतील. एक ठिणगी पुरेशी आहे.

८/ आणि मग तो उंदीर. रात्री घरात दिवा जळता राहिला तर एखादा उंदीर त्याची पेटती वात ओढून नेईल, अशी सूचना महाराज आवर्जून देतात. तेलात भिजलेली वात उंदराला खाद्य वाटते, आणि गवत रचलेल्या छावणीत अशी वात म्हणजे हिंडता पलिता! राज्याचा धनी छावणीतल्या उंदराचा विचार करतो आहे, हे वाचताना मला दरवेळी थबकायला होते.

९/ आग लागून गेल्यावर कुणब्यांच्या माना मारल्या किंवा कारकुनांना कितीही ताकीद केली, तरी खण उभारायला एक लाकूड मिळणार नाही, असेही पत्रात बजावलेले आहे. शिक्षेने जळालेला साठा परत येत नाही. म्हणून खाशा अधिकाऱ्यांनी स्वतः सतत फिरावे, चुली पाहाव्यात, शेकोट्या पाहाव्यात, दिवे पाहावेत. घोडी पावसाळ्यातून वाचणे याच फेरीवर अवलंबून होते.

१०/ पुढे सुमारे चाळीस वर्षांनी रामचंद्रपंत अमात्यांच्या नावे ओळखल्या जाणाऱ्या आज्ञापत्रात हीच दृष्टी गडांच्या बांधणीत उतरलेली दिसते. धान्याची कोठारे अशी असावीत की आग, उंदीर, किडा, मुंगी, वाळवी यांचा उपद्रव पोचू नये. त्यासाठी जमीन दगडाने पक्की करावी, असे तिथे सांगितले आहे.

११/ दारूखान्याविषयीची कलमे तर आजच्या गोदामाच्या व्यवस्थापकाने भिंतीवर लावावीत अशी आहेत. तो राहत्या घरांच्या परिघाबाहेर असावा. तळघर करून त्याची जमीन गच्च करावी. दारू थेट जमिनीवर न ठेवता माच घालून त्यावर ठेवावी. (आज त्याला आपण पॅलेट म्हणतो!) ओल लागू देऊ नये. दर आठ-पंधरा दिवसांनी हवालदाराने जातीने येऊन दारू, बाण वगैरे बाहेर काढून ऊन द्यावे आणि पुन्हा मोहोर करून ठेवावे. पहारा रात्रंदिवस असावा आणि परवानगीशिवाय कोणालाही आसपास फिरकू देऊ नये.

१२/ ऊन कशासाठी? दारू म्हणजे सोरा, गंधक आणि कोळसा. त्या काळच्या सोऱ्यात इतर क्षार मिसळलेले असत आणि ते हवेतला ओलावा शोषतात. सह्याद्रीच्या पावसात बंद खोलीतली दारूही सादळते. ऐन वेढ्यात तोफ पेटलीच नाही, तर गडावर दारू असून नसल्यासारखी.

१३/ मोहोरेचे काम वेगळे. आत जितके ठेवले तितकेच आहे, याची ती खूण. गडाचा कारभार हवालदार, सबनीस आणि कारखानीस या तिघांत विभागलेला असे आणि गल्ल्याचा व सामानाचा हिशेब कारखानिसाकडे असे. ज्याच्या हाती किल्ल्या आहेत त्याच्याच हाती वही राहत नसे.

१४/ कोठार प्रत्यक्ष पाहायचे असेल तर पन्हाळ्याला जा. अंबरखान्याच्या तीन इमारतींपैकी गंगा कोठी सर्वांत मोठी. जाड भिंती, वर घुमटाकार छत आणि छताला धान्य ओतण्याची भोके. बाहेरच्या पायऱ्यांनी वर चढायचे आणि वरून ओतायचे. या इमारती आदिलशाही काळातल्या मानल्या जातात. मराठ्यांनी त्या तशाच वापरल्या. पर्यटक तिथे आवाज घुमवून पाहतात. तुम्ही मान वर करून ती भोकेही पाहा.

१५/ आता दारूखान्याची दुसरी बाजू. मार्च १८१८. कर्नल प्रोथरच्या तुकडीने लोणावळ्याजवळच्या कोरीगडाला वेढा घातला. गड तीन दिवस दाद देईना. १४ मार्चला तोफेचा एक गोळा दारूच्या कोठारावर पडला. कोठार उडाले आणि गडकऱ्यांनी शस्त्रे खाली ठेवली. तट अजूनही उभा आहे.