चौकोन, शंकरपाळा आणि जामीनदार

माझ्या कपाटात एक जुना तक्ता आहे. पंचवीसेक वर्षांपूर्वी पुण्यात एका सहकारी बँकेच्या संगणकीकरणाचे काम आमच्या गटाकडे होते. माहितीचे आराखडे काढण्यासाठी कोणते सॉफ्टवेअर घ्यावे, हे ठरवायला मी तो केला होता. डावीकडे चाळीस निकष, वर तीन सॉफ्टवेअरची नावे आणि मध्ये बरोबर-चुकीच्या खुणा. किंमत किती, ओरॅकलशी जुळते का, छपाई कशी होते, एका वेळी किती जण काम करू शकतात. तक्ता नीटनेटका होता आणि निरुपयोगी होता. का, ते कळायला मला या आराखड्यांच्या इतिहासात मागे जावे लागले.

बँकेत माणसे, खाती, कर्जे, हप्ते असतात. संगणकात त्यांची कोष्टके करण्यापूर्वी कोणाचे कोणाशी काय नाते, ते कागदावर मांडावे लागते. जनरल इलेक्ट्रिकमध्ये काम करणाऱ्या चार्ल्स बाखमन यांनी साठीच्या दशकात त्यासाठी चौकोन आणि बाण वापरले. १९७०मध्ये आयबीएमच्या एडगर कॉड यांनी सगळी माहिती कोष्टकांतच मांडण्याचा सिद्धान्त दिला. गणित सुटसुटीत झाले, बाण गेले. पण कोष्टकांच्या ढिगाऱ्यातून बँकेच्या माणसाला स्वतःचा व्यवहार ओळखू येईना.

पीटर चेन यांचा निबंध आला तो मार्च १९७६मध्ये. चेन मूळचे तैवानचे, तेव्हा एमआयटीत शिकवत होते. त्यांनी वस्तूला चौकोन दिला आणि नात्याला शंकरपाळ्याचा आकार. (आमच्या गटात त्याला हेच नाव पडले होते.) पुढे इंग्रजी वाक्यरचनेशी आणि चिनी लिपीशी या आकृत्यांचे साम्य त्यांनी स्वतःच दाखवले. नाम चौकोनात जाते, सकर्मक क्रियापद शंकरपाळ्यात. साहित्याच्या वाचकाला ही वाट परकी वाटू नये.

मुद्दा असा, की चेन यांच्याकडे नात्याला स्वतःचे अस्तित्व आहे. नवरा-बायकोचे संयुक्त खाते घ्या. ‘दोघांपैकी कोणीही किंवा हयात असेल तो’ ही अट नवऱ्याची नाही, बायकोची नाही, खात्याचीही नाही. ती त्यांच्यातल्या नात्याची आहे. चेन ती शंकरपाळ्याला टांगून ठेवतात. अमेरिकी हवाई दलाच्या एका कार्यक्रमातून आलेल्या आयडेफ-वन-एक्स पद्धतीत शंकरपाळा नाही, नुसती रेघ आहे. अनेकांचे अनेकांशी असलेले नाते तिथे शेवटपर्यंत टिकत नाही. मध्ये तिसरा चौकोन घालावाच लागतो. शिस्त कडक, लष्करी म्हणावी अशी. १९९३मध्ये ती अमेरिकेच्या संघीय शासनाची प्रमाण पद्धत झाली, २००८मध्ये ते प्रमाणपण गेले. ईआरविन हे सॉफ्टवेअर तिच्यासाठी ओळखले जाई.

पॉवरडिझायनरचा जन्म मात्र १९८९चा, फ्रान्समधला. तिथे सत्तरीच्या दशकाअखेर मेरीझ नावाची पद्धत घडली होती. तीत नाते लंबगोलात बसते आणि स्वतःची माहिती बाळगते. मालक बदलत गेले, आधी पॉवरसॉफ्ट, मग सायबेस, २०१०पासून एसएपी. पण फ्रेंच वळण सॉफ्टवेअरमध्ये राहिले.

त्या वळणानेच मला चकवले. मेरीझमध्ये किमान-कमालचे आकडे ज्या चौकोनाबद्दल बोलायचे त्याच्याच शेजारी लिहितात. मी शिकलो होतो ती ‘कावळ्याचा पाय’ पद्धत, आणि तीत ती खूण रेघेच्या दुसऱ्या टोकाला असते. आमच्या एका सहकाऱ्याने फ्रेंच पद्धतीने आराखडा काढला होता. ‘व्यक्ती’च्या शेजारी ‘शून्य ते अनेक’, ‘खात्या’च्या शेजारी ‘एक ते अनेक’. त्याचा अर्थ : व्यक्तीचे एकही खाते नसले तरी चालेल, पण खात्याला किमान एक माणूस हवाच. मी नेमके उलटे वाचले आणि प्रत्येक व्यक्तीचे किमान एक खाते असलेच पाहिजे, अशी तपासणी घातली.

जुनी माहिती नव्या यंत्रणेत घालून पाहण्याची चाचणी झाली तेव्हा नावांची एक यादी बाहेर फेकली गेली. मी ती कचरा समजून बाजूला ठेवली. कर्जविभागाच्या वयस्कर हेडक्लार्कांनी ती सहज उचलली आणि दोन पाने वाचून विचारले, “अहो, जामीनदाराचं खातं असलंच पाहिजे, हे तुम्हाला कोणी सांगितलं? त्याची सही असली की पुरे.” बाहेर पडलेले सगळे जामीनदार होते. यादी तशीच फाईलबंद झाली असती, तर थकलेल्या कर्जाला जामीन कोण, हे नव्या नोंदींत सापडलेच नसते. माझ्या तक्त्यात ‘नाती दाखवता येतात’ या ओळीसमोर तिन्ही सॉफ्टवेअरना बरोबरची खूण होती.

याच्या शेजारी दुसरी परंपरा वाढली. १९८७मध्ये जॉन झाकमन यांनी ‘आयबीएम सिस्टिम्स जर्नल’मध्ये घरबांधणीच्या नकाशांचा दाखला देऊन संपूर्ण संस्थेच्या आराखड्याची चौकट मांडली. ऑस्ट्रेलियातल्या क्रेस्विक या जुन्या सोन्याच्या खाणींच्या गावातून स्पार्क्स सिस्टिम्सचे ‘एंटरप्राइझ आर्किटेक्ट’ आले, नेदरलँड्समधून आर्किमेट ही चित्रभाषा. हा सर्व्हर बंद पडला तर कोणत्या शाखेचा काउंटर थांबेल, याचे उत्तर ही साधने देतात. ईआरविनकडे ते मागण्यात अर्थ नाही. उलट, बिनखात्याचा जामीनदार चालतो का, हा प्रश्न त्या मोठ्या चित्रात सहसा उमटतच नाही. विक्रेत्यांच्या याद्यांत दोन्ही जातींची साधने एकाच रांगेत बसवतात, ते मला पटत नाही. इमारतीचा नकाशा आणि मालकीचा उतारा यांत ‘चांगले कोणते’ असे कोणी विचारत नाही.

एकाच जातीतली तुलना मात्र खरी असते. २०१४मध्ये ईआर-स्टुडिओच्या मालकांनी प्रतिस्पर्धी ईआरविन विकत घ्यायचे ठरवले, तेव्हा अमेरिकेच्या न्याय खात्याने स्पर्धेच्या मुद्द्यावर हरकत घेतली आणि व्यवहार सोडून द्यावा लागला.

आमच्या त्या आराखड्याची फाईल आज माझ्याकडच्या कोणत्याही यंत्रावर उघडत नाही. छापील प्रत तक्त्याच्या खालीच आहे. ‘व्यक्ती’च्या चौकोनाशेजारच्या शून्याभोवती हेडक्लार्कांनी लाल पेनने केलेला गोल अजून स्पष्ट दिसतो.