ठिणगी-यंत्राच्या विद्युत् मंडलाचे नवीकरण : एक ऐतिहासिक विचार

अमरावती-नागपूर मार्गावरील तिवसा हे तालुक्याचे ठिकाण. अशा ठिकाणच्या कर्मशाळेत एखादे जुने स्पार्क इरोजन यंत्र आले, तर त्याचे मोल कशावरून ठरवावे? ओतीव सांगाडा, सरकपट्ट्या आणि तेलाची टाकी नीट राखल्यास दीर्घकाळ टिकतात. कालबाह्य होते ते विद्युत् मंडल. वस्तुतः या यंत्राचा इतिहास म्हणजे बहुतांशी त्याच्या मंडलाचाच इतिहास होय.

ठिणगीमुळे धातू झिजतो, हे जोसेफ प्रीस्टली याने १८व्या शतकातच नोंदविले होते. परंतु या झिजेला कामाला लावण्याचे श्रेय मॉस्को येथील बोरिस व नताल्या लाझारेन्को या दांपत्याकडे जाते. विद्युत् स्पर्शकांची झीज कशी थांबवावी, याचा शोध ते घेत होते. ती थांबली नाही. मात्र द्रवात बुडविलेल्या धातूंमधील ठिणगी अधिक नियमित होते, असे आढळले. १९४३ च्या सुमारास त्यांनी याच झिजेचा उपयोग कठीण धातू कोरण्यासाठी केला. त्यांचे मंडल अत्यंत साधे होते. रोधकातून कपॅसिटर भारित व्हावा, फटीतील द्रवाचा निरोध मोडताच तो रिता व्हावा आणि पुन्हा भारित व्हावा. ठिणगीची ऊर्जा धारकता व दाबाचा वर्ग यांच्या गुणाकाराच्या निम्मी असते. पण ठिणगी केव्हा पडावी, हे फटीची अवस्था ठरवीत असे, कारागीर नव्हे. भारित होण्यात वेळ जाई आणि हत्यारही बरेच झिजे.

याच महायुद्धाच्या काळात अमेरिकेत मोडलेले टॅप व ड्रिल काढण्यासाठी ठिणगीचा उपयोग झाला व पुढे निर्वात नलिकांची मंडले आली. १९६० च्या दशकात ट्रान्झिस्टर आल्यावर ठिणगीचा काळ आणि विश्रांतीचा काळ स्वतंत्रपणे ठरविता येऊ लागला. दीर्घ स्पंद आणि धन ध्रुवाशी जोडलेले तांब्याचे वा ग्रॅफाइटचे हत्यार, या योगाने हत्याराची झीज फार कमी झाली. भारतात ही यंत्रे बनविण्यात पुण्याच्या इलेक्ट्रॉनिका या उद्योगाने पुढाकार घेतला.

जुन्या यंत्राचे नवीकरण करणारा हाच प्रवास एका पेटीत पुन्हा करतो. रोहित्र व एकदिशकारक सुस्थितीत असल्यास ठेवता येतात. त्यांच्यापुढे मॉसफेटांचे समांतर गट जोडले जातात. प्रत्येक मॉसफेटाला स्वतंत्र रोधक हवा, म्हणजे प्रवाह सर्वांत समान वाटला जातो. लांब तारांच्या प्रेरकत्वामुळे खंडनाच्या क्षणी उसळणारा दाब आवरण्यासाठी संरक्षक डायोडही अगत्याचा असतो. ठिणगीऐवजी स्थिर चाप पेटल्यास प्रवाह तत्काळ तोडणारी योजना नसेल, तर चाप काम व हत्यार दोन्ही बिघडवितो. फटीचा सरासरी दाब सर्व्होला पोचला पाहिजे, अन्यथा उत्तम स्पंदही व्यर्थ.

तथापि जुने मंडल सर्वस्वी त्याज्य ठरत नाही. अतिसूक्ष्म छिद्रे व अत्यंत गुळगुळीत पृष्ठ यांसाठी लहान कपॅसिटरची अल्प ऊर्जेची ठिणगी आजही वापरली जाते. म्हणून विवेकी नवीकरणात जाड कामासाठी मॉसफेट बसतात आणि अखेरच्या सफाईसाठी लाझारेन्को दांपत्याचे मंडल एका निवडकळीमागे राखले जाते. तिवशासारख्या ठिकाणी जुन्या यंत्राचे मोल ठरविताना, त्यात काय नवे बसविता येईल याबरोबरच काय जपता येईल, याचाही हिशेब मांडावा लागतो.