मूतखड्यावरील औषधोपचार
मूतखड्यावरील औषधोपचार : मूत्रमार्गातील खडा (अश्मरी) शस्त्रक्रियेविना मूत्रावाटे बाहेर पडावा यासाठी करण्यात येणारी चिकित्सा. कोणता खडा औषधावर सोपवावा व कोणता नाही, हा या चिकित्सेच्या इतिहासातील मूळ प्रश्न होय.

सुश्रुतसंहितेत अश्मरीचे चार प्रकार वर्णिले असून, नवा खडा औषधसाध्य व वाढलेला शस्त्रसाध्य मानला आहे. त्यासाठी वरुण, गोक्षुर, पाषाणभेद इ. वनस्पतींची सिद्ध घृते व क्षार सांगितले आहेत. तेथील विवेचन मुख्यत्वे मूत्राशयातील खड्यांविषयीचे आहे. आज अधिक आढळणारे खडे मात्र मूत्रपिंड व मूत्रवाहिनी यांतील असतात.

खानदेशात हा विकार चांगलाच परिचित आहे. जळगाव जिल्ह्यातील पारोळ्याच्या परिसरात उन्हाळी तापमान ४०° से.च्या वर जाते. घामावाटे पाणी गेल्याने मूत्र संहत होते व त्यातील कॅल्शियम ऑक्झॅलेटाचे स्फटिक साचू लागतात. दोष विहिरीच्या जड पाण्याला देण्याची रूढी आहे. तथापि पाण्याच्या जडपणापेक्षा ते कमी पिण्याशी असलेला संबंध अधिक निश्चित आहे. हुलग्याचे कढण व सराट्याचा काढा हे घरगुती उपाय होत. त्यांबरोबर पोटात जाणारे पाणी हितकारक असते. मात्र लहान खडे पुष्कळदा आपोआपच पडतात आणि श्रेय काढ्यास मिळते.

मानवी मूत्रवाहिनीतील आल्फा ग्राहींचे वर्णन १९७० मध्ये झाले. ते रोधले असता तेथील स्नायू सैल पडतो. यावरून, पुरःस्थ ग्रंथीच्या वाढीवर दिले जाणारे टॅम्सुलोसीन २००० नंतर खड्यासाठीही वापरात आले. हे औषध खडा विरघळवीत नाही, केवळ वाट सैल करते. प्रारंभीच्या लहान पाहण्या उत्साहवर्धक होत्या; परंतु ब्रिटनमधील १,१६७ रुग्णांच्या चाचणीत (२०१५) पुढील उपचारांची गरज न लागलेल्यांचे प्रमाण टॅम्सुलोसीन घेणाऱ्यांत ८१ टक्के व निष्क्रिय गोळी घेणाऱ्यांत ८० टक्के निघाले. चीनमधील ३,२९६ रुग्णांच्या चाचणीत (२०१७) मूत्रवाहिनीच्या खालच्या भागातील ५ मिमी.हून मोठ्या खड्यांस लाभ दिसला. त्यामुळे औषधाचा वापर मुख्यत्वे अशाच खड्यांपुरता राहिला आहे. वेदनेवर डायक्लोफिनॅकसारखी दाहरोधी औषधे देतात. खऱ्या अर्थाने विरघळतो तो यूरिक अम्लाचा खडा. पोटॅशियम सायट्रेटाने मूत्राची अम्लता कमी करून हे साधतात.

२००७ मध्ये एकत्रित केलेल्या माहितीनुसार मूत्रवाहिनीतील ५ मिमी.पर्यंतचे सु. ६८ टक्के, तर ५ ते १० मिमी.चे सु. ४७ टक्के खडे आपोआप पडतात. वेदना थांबली म्हणजे खडा पडला, असे मात्र नव्हे. रोजंदारीवर राबणारा रुग्ण दुखणे शमताच कामावर परततो आणि अडकलेला खडा मूत्रपिंड हळूहळू निकामी करू शकतो. म्हणून साधारणतः चार ते सहा आठवड्यांत खडा न पडल्यास तो दुर्बिणीने किंवा आघात तरंगांनी फोडतात. ताप व थंडी असल्यास मात्र प्रतीक्षा करीत नाहीत. तुंबलेल्या मूत्राचा नळीद्वारे तातडीने निचरा करतात.