ताट कोणाचं आणि तोंड कोणाचं? : मुलांच्या भाजी खाण्याचा थोडा इतिहास



मागच्या वेळी आपला विषय 'स्वातंत्र्य आणि शिस्त' हा होता. व्याख्यान संपल्यावर एक आजीबाई पुढे आल्या आणि म्हणाल्या, "सर, ते सगळं ठीक आहे. पण माझा अडीच वर्षांचा नातू भाजीला तोंड लावत नाही. दूधभात, बटाटा आणि बिस्किट, बास. आता त्याचं स्वातंत्र्य बघू की शिस्त लावू?" सभागृहात हशा पिकला, आम्हीही हसलो. घरी जाताना मात्र वाटलं की आम्ही तासभर जे बोललो त्याची खरी परीक्षा या बाईंच्या स्वयंपाकघरातच होती. म्हणून आजचा विषय हाच.

सुरुवातीलाच एक कबुली देतो. साधारण पंचेचाळीस वर्षांपूर्वीची गोष्ट. आमचा प्रबंध नुकताच पुरा झाला होता. विषय होता, गंमत पाहा, माणसाचं इच्छास्वातंत्र्य! आणि घरी आमची तीन वर्षांची लेक पालकाची भाजी खाईना. एका संध्याकाळी आम्ही तिचं नाक दाबलं, तोंड उघडल्याबरोबर चमचा आत सारला. तिने सगळं ओकून टाकलं. आम्ही पुन्हा भरवलं. त्या दिवशी वाटी रिकामी झाली, आम्ही जिंकलो असं आम्हाला वाटलं. आज ती स्वतः आई आहे आणि पालक खात नाही. मध्यंतरी आम्ही तिला कारण विचारलं, तर म्हणाली, "बाबा, पालकाची चव मला आठवतच नाही. तुमचा हात आठवतो."

तर असा हा प्रश्न. मुलाच्या पानातलं काय, किती आणि कधी हे ठरवायचं कोणी? हा वाद फार जुना आहे.

आपल्याकडे बाळाच्या पहिल्या घासाला संस्काराचा मान आहे. उष्टावण आपण सगळ्यांनी पाहिलेलं आहे. सुश्रुतसंहितेत सहाव्या महिन्यात हलकं आणि हितकर अन्न सुरू करावं असं सांगितलं आहे. काश्यपसंहितेत सहाव्या महिन्यात फळ आणि दहाव्या महिन्यात धान्य असा क्रम येतो. शिवाय अन्नप्राशनानंतर बाळापुढे निरनिराळ्या वस्तू ठेवायच्या आणि ते जी उचलेल तिच्यावरून त्याचा पुढचा व्यवसाय ओळखायचा, अशी जीविका-परीक्षेची चालही जुन्या ग्रंथांत आहे. म्हणजे पोटापाण्याचा उद्योग निवडायला बाळ मोकळं. पण पुढचा घास हवा की नको, हे मात्र त्याला कोणी विचारायचं नाही! मग काऊचा घास, चिऊचा घास, चांदोबा दाखवणं आणि आता मोबाइल. उद्देश एकच, पोराचं लक्ष दुसरीकडे वळवून घास आत ढकलायचा.

आता आमच्या धंद्यातल्या माणसांकडे वळू. इंग्रज तत्त्वज्ञ जॉन लॉक याने 1693 साली मुलांच्या शिक्षणावर पुस्तक लिहिलं, त्यात आहाराचाही भाग आहे. पहिली तीन-चार वर्षं मांस नको, साधी पाव-भाकरी उत्तम, पीच आणि द्राक्षं धोक्याची, असं त्यात आहे. हे आज कोणी मानणार नाही. पण त्याच पुस्तकात एक शहाणपणाची गोष्ट आहे. मुलाने अभ्यास करावा म्हणून त्याला खाऊचं आमिष दाखवू नका, असं लॉक सांगतो; कारण त्याने आपण अभ्यासाची गोडी लावत नाही, खाऊचीच किंमत वाढवतो. हे सूत्र लक्षात ठेवा, आपल्याला पुन्हा लागणार आहे.

याच लॉकने सहिष्णुतेवरच्या पत्रात धर्माबद्दल एक युक्तिवाद केला होता. श्रद्धा बळाने निर्माण होत नाही. सक्तीने माणसाकडून कवायत करून घेता येईल, पण त्याचं मन पटवता येणार नाही. आम्ही हा युक्तिवाद वर्गात वर्षानुवर्षं शिकवला. तो भाजीलाही लागू पडतो, हे कळायला फार उशीर झाला. घास गिळायला लावता येतो. आवड गिळायला लावता येत नाही.

पुढे 1762 साली रूसोचं 'एमिल' आलं. त्याचं म्हणणं असं की मुलाची रुची मुळात साधी असते, ती आपणच बिघडवतो. साधं अन्न पुढे ठेवा आणि मग त्याला हवं तेवढं खाऊ द्या, खेळू द्या. ऐकायला छान आहे. फक्त लॉक अविवाहित होता आणि रूसोने आपली पाचही मुलं अनाथालयात सोडली होती. तेव्हा या दोघांपैकी कोणीही अडीच वर्षांच्या पोरासमोर वाटी घेऊन बसलेला नव्हता, एवढं विसरू नका.

एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी सत्ता तत्त्वज्ञांकडून डॉक्टरांकडे गेली. अमेरिकेत एमेट होल्ट या बालरोगतज्ज्ञाचं बालसंगोपनावरचं पुस्तक 1894 साली निघालं. ते प्रश्नोत्तरांच्या रूपात होतं, अगदी धर्मशिक्षणाच्या पुस्तिकेसारखं. काय द्यायचं, किती द्यायचं, किती वाजता द्यायचं, सगळं ठरलेलं. आया ते घड्याळ लावून पाळू लागल्या. आणि झालं काय, तर मूल जेवतच नाही अशा तक्रारींनी दवाखाने भरू लागले. मुलांना भूक होती, पण ताट ही आता लढाईची जागा झाली होती. 1928 च्या डिसेंबरात 'न्यूयॉर्कर' साप्ताहिकात एक व्यंगचित्र आलं. आई सांगते आहे की ही ब्रोकोली आहे, आणि चिमुरडी ठामपणे म्हणते आहे की हा पालकच आहे आणि आपण तो खाणार नाही. ते चित्र अमेरिकेत अजून लोकांच्या लक्षात आहे. घरोघरी तेच चाललं असणार, त्याशिवाय का?

त्याच 1928 साली डॉ. क्लारा डेव्हिस यांचा एक निबंध प्रसिद्ध झाला. इथे आपण जरा थांबू, कारण या इतिहासातला हा सगळ्यात महत्त्वाचा टप्पा आहे.

डेव्हिसबाईंनी क्लीव्हलंडला आणि नंतर शिकागोला नुकतीच अंगावरून सुटलेली बाळं सांभाळायला घेतली. एकूण पंधरा मुलं, काही तर चार-साडेचार वर्षांची होईपर्यंत त्यांच्याकडे होती. खाद्यपदार्थांची यादी 34 जिनसांची. त्यात गाजर, बीट, वाटाणे, कोबी, फ्लॉवर, पालक, सलगम, टोमॅटो होते. फळं, धान्यं, दूध, अंडी, मांस, मासे होते. प्रत्येक पदार्थ वेगळ्या भांड्यात, मिसळाय-मिसळी नाही. मीठही वेगळं. आणि परिचारिकांना सक्त ताकीद : आग्रह करायचा नाही, सुचवायचं नाही, शाबासकी नाही, रागावणं नाही. चमचा हातात घेऊन स्वस्थ बसायचं. बाळाने पदार्थाकडे हात केला तरच चमचा भरायचा, आणि त्याने तोंड उघडलं तरच आत घालायचा.

मुलांनी काय केलं? सुरुवातीला सगळं चिवडलं, काही थुंकलं, काहींनी बशीही चावून पाहिली. थोड्याच दिवसांत प्रत्येकाच्या आवडी ठरत गेल्या. पंधरा मुलांच्या पंधरा तऱ्हा. कोणी न्याहारीला संत्र्याचा रस आणि यकृत खाल्लं, कोणी रात्री अंडी, केळी आणि दूध. वरून पाहिलं तर आहारतज्ज्ञाला घेरी यावी! पण मुलं धडधाकट वाढली. एक मूल मुडदूस घेऊन आलं होतं. त्याच्यापुढे कॉड माशाच्या तेलाचा पेला ठेवत. ते मूल हाडं बरी होईपर्यंत ते तेल आपण होऊन पीत राहिलं, आणि नंतर त्याने ते सोडलं. भाज्यांचं म्हणाल, तर दोघांनी लेट्यूसला आणि एकाने पालकाला हात लावला नाही. तेवढं सोडलं तर यादीतला प्रत्येक पदार्थ प्रत्येक मुलाने चाखून पाहिला होता.

या प्रयोगाचा लोकांनी सोयीचा अर्थ काढला : मुलाच्या शरीराला सगळं कळतं, त्याला हवं ते खाऊ द्या. 1939 साली डेव्हिसबाईंनीच त्यावर स्पष्टीकरण दिलं. त्या म्हणाल्या, यात युक्ती होती, आणि ती यादीत होती. त्या 34 पदार्थांत साखर नव्हती, डबाबंद काही नव्हतं, तळलेलं काही नव्हतं. मुलांनी काहीही निवडलं तरी फार चुकणार नाही, अशीच यादी मोठ्यांनी आधी करून ठेवली होती. पुढचा प्रयोग बाजारी, प्रक्रिया केलेले पदार्थ यादीत घालून करायचा त्यांचा मानस होता. पण महामंदी आली आणि तो राहून गेला.

मंडळी, तो राहिलेला प्रयोग आज आपण घराघरांत करतो आहोत. सकाळी अकराला बिस्किटं, चारला कुरकुरे, मधे दुधात चॉकलेटची पूड, आणि जेवताना आपण विचारतो, "हा भाजी का खात नाही?" पोट भरलेलं आहे, जिभेला साखर-मिठाची सवय लागली आहे. त्याच्या निवडीला आपण स्वातंत्र्य म्हणतो, पण यादी दुकानदाराने केलेली असते.

आता थोडं मुलाच्या बाजूने. दोन वर्षांच्या आसपास पुष्कळ मुलं नव्या पदार्थाला घाबरू लागतात. कालपर्यंत सगळं खाणारं पोर आज हिरवं दिसलं की तोंड फिरवतं. अभ्यासक असं मानतात की यामागे जुनं संरक्षण असावं. मूल चालू लागलं, हाताला येईल तो पाला तोंडात घालू लागलं, तर कडवट चवीबद्दल संशय असणं त्याच्या हिताचंच. तेव्हा याला हट्ट म्हणण्याआधी जरा विचार करावा.

आणि मोठी माणसं काही वेगळी नसतात. बटाटा, टोमॅटो, मिरची या तिन्ही वस्तू मूळ अमेरिका खंडातल्या. पोर्तुगीज दर्यावर्दी युरोपातून इकडे येऊ लागल्यानंतरच्या काळात त्या आपल्याकडे आल्या. आज बटाटा उपासाला चालतो, मिरचीशिवाय आपला घास उतरत नाही. पण आमच्या आजीने शेवटपर्यंत टोमॅटो तोंडात घातला नाही. त्याचा लाल रंग बघून तिला किळस येई. आमच्या आईने तो आमटीत घातला, आम्ही कच्चा खाल्ला. एका घराला एका फळाशी ओळख व्हायला तीन पिढ्या लागल्या, आणि अडीच वर्षांच्या मुलाने मात्र दुधी भोपळा दोन दिवसांत आवडून घ्यावा!

गेल्या पन्नास वर्षांत यावर पद्धतशीर काम झालं. लीन बर्च या अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बाईंचं नाव त्यात आधी घ्यायला हवं. 1980 च्या त्यांच्या प्रयोगात, एखादी भाजी न आवडणाऱ्या मुलाला ती आवडणाऱ्या तीन-चार मुलांसोबत जेवायला बसवलं. चार दिवसांत ते मूलही ती भाजी निवडू लागलं. आपण याला पंगत म्हणतो! 1982 मध्ये त्यांनी दोन वर्षांच्या मुलांना नवे पदार्थ कमीजास्त वेळा चाखायला दिले. जो पदार्थ जास्त वेळा चाखला, तो जास्त आवडला. आणि 1984 मध्ये दिसलं की 'हे प्यायलास तर बक्षीस' असं सांगितल्यावर त्या पेयाची आवड उलट घटली. लॉकची गोष्ट आठवली का? 'भाजी संपव, मग गुलाबजाम' असं म्हणताना आपण मुलाला शिकवतो की भाजी ही शिक्षा आहे आणि गुलाबजाम ही सुटका.

या सगळ्याचं सार आहारतज्ज्ञ एलिन सॅटर यांनी 1980 च्या दशकात फार साध्या शब्दांत मांडलं. काय वाढायचं, केव्हा आणि कुठे, हे मोठ्यांनी ठरवायचं. खायचं की नाही आणि किती, हे मुलाने. आमच्या भाषेत सांगायचं तर ताट आपलं, तोंड त्याचं. लॉक आणि रूसो यांच्यातला भांडणाचा मुद्दा असा मधोमध वाटून टाकला, तर शिस्तही राहते आणि स्वातंत्र्यही.

आता त्या आजीबाईंसाठी, म्हणजे खरं तर आमच्यासाठीच. कारण आमचाही नातू सध्या अडीच वर्षांचा आहे. आमच्या घरी ठरलं ते असं. जेवणाच्या वेळा ठरलेल्या, मधल्या वेळेची बिस्किटं बंद. डबाच घरात ठेवायचा नाही. सगळ्यांनी एकत्र बसायचं, मोबाइल दुसऱ्या खोलीत. त्याच्या आवडीचा वरणभात असतोच, शेजारी आमच्याच पानातली भाजी, चिमूटभर. खाल्ली तर टाळ्या नाहीत, नाही खाल्ली तर 'एकच घास' नाही. मान फिरवली की जेवण संपलं. सकाळी तो आजीबरोबर मटार सोलतो, मेथी निवडताना पानांपेक्षा काड्याच जास्त गोळा करतो. मात्र मुलाचं वजन वाढत नसेल, घास अडकत असेल, खाण्याचे प्रकार कमी कमी होत चालले असतील, तर तत्त्वज्ञान बाजूला ठेवा आणि बालरोगतज्ज्ञाकडे जा.

प्रगती विचाराल तर दोन महिन्यांत गाजर आणि भेंडी जमली. दुधी अजून पानातच राहतो. पालक गेल्या आठवड्यात त्याने बोटाने उचलला, जिभेला लावला आणि परत ताटात ठेवला. त्याची आई, म्हणजे आमची लेक, समोरच बसली होती. ती आमच्याकडे बघत होती. आमचा हात, खरं सांगतो, चमच्याकडे गेला होता. आम्ही तो मागे घेतला आणि आपलं जेवू लागलो.

एवढंच. आता प्रश्न असतील तर घेऊ. आजीबाई आल्या असतील तर पहिला प्रश्न त्यांचा.