मित्राच्या देवळाला, कालव्याने

वॉटफर्डच्या कॅशिओबरी पार्कातून ग्रँड युनियन कालवा जातो. बोटीला ताशी 4 मैलांचीच मुभा. काठावर, जिथून पूर्वी घोडे बोटी ओढत, तिथून सायकलवाला सहज पुढे निघून जातो. बुल्स ब्रिजला डावीकडे वळून पॅडिंग्टनला उतरावे, पुढे सायकलने वॉलब्रुक गाठावे. तिथे रस्त्याखाली सुमारे 7 मीटरवर मिथ्राचे देऊळ आहे, इ.स. 240च्या आसपासचे. बाँबफेकीने उजाड झालेल्या जागेत 1954 साली ते सापडले, तेव्हा बघ्यांच्या रांगा लागल्या. मग अवशेष हलवून 1962मध्ये दुसरीकडे, उघड्यावर, सिमेंटने सांधून मांडले (कसले हे जतन!). 2017मध्ये ते मूळ जागेजवळ परतले.

मिथ्र नावाने आपला वैदिक मित्रच. सूर्यनमस्कारात पहिले नाव त्याचे. बैल मारणारा हा रोमन देव इराणी मिथ्राचा कितपत, यावर विद्वान अजून भांडतात. प्रवेश मोफत आहे.