जीपची देखभाल : घरच्या घरी किती, गॅरेजात किती?

महाराष्ट्रात ‘जीप’ हा शब्द एखाद्या कंपनीच्या नावापेक्षा गाडीच्या एका जातीचे नाव म्हणूनच रुजला. सरकारी अधिकाऱ्यांची, साखर कारखान्यांची, निवडणूक प्रचाराची आणि पुढे वडापची, अशी तिची ओळख पिढीगणिक बदलत गेली. स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या काही वर्षांत महिंद्र अँड महिंद्रने मुंबईत विलीज जीपची जुळणी सुरू केली. 1953 साली अमेरिकेत अवतरलेले उंच बॉनेटचे ‘सीजे-3बी’ हे मॉडेल तिथे इतिहासजमा झाल्यावरही भारतात दीर्घकाळ तयार होत राहिले. तिचे बॉनेट उंच आहे ते शोभेसाठी नव्हे. नवे ‘हरिकेन’ इंजिन जुन्या इंजिनापेक्षा उंच असल्याने ते झाकण्यासाठी पत्रा वर उचलावा लागला होता. त्यानंतर आलेली डिझेलवरची एमएम 540 आजही खेडोपाडी दिसते.

यातल्या अनेक गाड्या आता मुंबई, पुणे, नाशिकच्या हौशी मालकांकडे आहेत. रविवारी पहाटे सह्याद्रीतील चिखलवाटांवर न्यायच्या आणि आठवडाभर सोसायटीच्या आवारात झाकून ठेवायच्या, असा त्यांचा दिनक्रम असतो. त्यांची दुरुस्ती मालकांनी स्वतः करण्याकडे कल वाढला, त्याचे कारण केवळ हौस नाही. जीप डोळे मिटून खोलणारे मिस्त्री वयोमानाने निवृत्त होत आहेत आणि संगणक जोडून दोष शोधायला शिकलेल्या नव्या कारागिराला या गाडीत संगणक लावायला जागाच सापडत नाही. गाडीची रचना मात्र इतकी उघडी आणि सरळ आहे, की एक चांगला पानासंच, मजबूत जॅक आणि संयम यांच्या बळावर निम्म्याहून अधिक कामे घरी होऊ शकतात. उरलेली निम्मी घरी करू नयेत, हे समजणे अधिक महत्त्वाचे.

गाडी उचलण्यापूर्वी

नवशिक्यांचा पहिला अपघात बहुधा इथेच होतो. सीजे-3बीसारख्या जुन्या जीपचा हँडब्रेक चाकांवर नसून ट्रान्स्फर केसच्या मागे, प्रॉपेलर शाफ्टवर असतो. त्यामुळे मागचे एकच चाक जॅकवर उचलले, की डिफरन्शियलमुळे हवेतले चाक उलटे फिरू शकते आणि हँडब्रेक ओढलेला असूनही गाडी घरंगळते. गाडी गिअरमध्ये ठेवल्यानेही हा धोका टळत नाही, कारण गिअर अडवतो तो शाफ्टच. जमिनीवरच्या चाकांना दोन्ही बाजूंनी दगड किंवा लाकडी ठोकळे लावणे, हा त्यावरचा एकमेव उपाय. चाक काढल्यानंतर गाडी जॅकच्या भरवशावर न ठेवता ॲक्सलखाली लोखंडी स्टँड द्यावेत. विटांची चळत हा स्टँडला पर्याय नाही. भाराखाली वीट अचानक फुटते.

आणखी एक खोच. अनेक जुन्या जीपच्या डाव्या बाजूच्या चाकांच्या नटांना उलट्या आट्या असतात. हे ठाऊक नसलेला मनुष्य पाना ज्या दिशेने जोर लावून फिरवतो, त्या दिशेने नट सैल न होता अधिकच आवळतो आणि शेवटी बोल्ट तुटतो. बोल्टच्या टोकावर ‘एल’ अक्षर कोरलेले आहे का, ते आधी पुसून पाहावे.

ब्रेक : सर्वप्रथम आणि सर्वाधिक लक्ष

जुनी जीप विकत घेणारे बहुतेक जण आधी टायर पाहतात, मग रंग, मग दिवे. ब्रेकचा क्रमांक बराच खाली लागतो. वस्तुतः या गाड्यांत चारही चाकांना ड्रम ब्रेक असतात आणि जुन्या मास्टर सिलिंडरचा तेलमार्ग एकच असतो. एखाद्या चाकाचा व्हील सिलिंडर गळू लागला, तर त्या चाकाचाच नव्हे, चारही चाकांचा ब्रेक जातो. घाटात ही गोष्ट कळणे म्हणजे फार उशिरा कळणे.

पेडलच पुष्कळ काही सांगते. पाय दाबून धरल्यावर पेडल हळूहळू खाली जात असेल, तर मास्टर सिलिंडरमधील रबर निकामी झाले आहे किंवा कुठेतरी गळती आहे. पेडल स्पंजासारखे लागत असेल, तर नळीत हवा आहे. दोन-तीनदा पंप केल्यावर ब्रेक वर येत असेल, तर लायनर झिजले असून शूचे अंतर जुळवणे बाकी आहे. हवा काढताना मास्टर सिलिंडरपासून सर्वांत दूरच्या चाकापासून सुरुवात करावी. उजव्या स्टिअरिंगच्या गाडीत ते मागचे डावे चाक. टाकीतले तेल मध्येच संपू दिले, तर सारे काम पुन्हा करावे लागते.

ब्रेक ऑईल हवेतील ओलावा शोषून घेते. मुरलेल्या पाण्याने ते कमी तापमानाला उकळू लागते, लांब उतारावर नळीत वाफ धरते आणि पेडल पोकळ होते. म्हणून गळती नसली तरी दर दोन वर्षांनी तेल बदलावे. त्याच्या जागी इंजिन ऑईल किंवा अन्य खनिज तेल चुकूनही घालू नये. सगळी रबरे फुगून बसतात. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असण्याची शक्यता असल्याने ड्रममधील धूळ तोंडाने अथवा हवेच्या नळीने उडवू नये, ओल्या फडक्याने टिपून घ्यावी. गॅरेजांत ती बिनदिक्कत उडवली जाते, हा भाग वेगळा.

दोन तेलमार्गांचा मास्टर सिलिंडर आणि पुढे डिस्क ब्रेक बसवणे ही या गाडीवरची सर्वांत उपयुक्त सुधारणा म्हणता येईल. पण ती जाणकार वर्कशॉपमधूनच करून घ्यावी. वेगवेगळ्या गाड्यांचे सुटे भाग जमवून पुढच्या-मागच्या ब्रेकचा तोल साधणे हे अंदाजाचे काम नव्हे.

पुढची चाके थरथरतात तेव्हा

पन्नास-साठच्या वेगात एखादा खड्डा लागतो आणि पुढची दोन्ही चाके वेड्यासारखी डावी-उजवीकडे हलू लागतात. स्टिअरिंग हातातून सुटू पाहते. जीपमालकांना हा अनुभव नवा नाही. त्यावर सर्रास सुचवला जाणारा इलाज म्हणजे स्टिअरिंग डॅम्पर बसवणे. त्याने थरथर झाकली जाते, कारण जात नाही.

कारण शोधणे घरी शक्य आहे. पुढचे चाक उचलून वर आणि खाली हात धरून हलवून पाहावे. खेळ जाणवला, तर दुसऱ्या माणसाला ब्रेक दाबून धरायला सांगावे. खेळ नाहीसा झाला तर दोष व्हील बेअरिंगचा, राहिला तर किंगपिनचा. बेअरिंग सैल असल्यास चाक फिरवत नट आवळावा आणि चाक जड होताच सुमारे एक षष्ठांश फेरा मागे घ्यावा. किंगपिनचा ताण पातळ शिम कमी-अधिक करून जुळवतात. दोन्ही बाजूंचा ताण सारखा आहे की नाही हे स्प्रिंगच्या ताणकाट्याने मोजता येते. जुन्या सीजेमध्ये स्टिअरिंगची ओढ पुढच्या क्रॉस मेंबरवरील बेलक्रँकमार्गे चाकांकडे जाते. त्याचा पिन आणि बुश झिजले असतील, तर बाकी सगळे नवे घालूनही स्टिअरिंग सैलच राहते.

पाट्यांचे बुश आणि शॅकल हे त्यामागोमाग पाहायचे. गाडी उंच दिसावी म्हणून लांब शॅकल घालण्याची टूम आहे. त्यामुळे ॲक्सलचा कॅस्टर कोन बदलतो आणि सरळ रस्त्यावर स्टिअरिंग आपोआप मध्यावर येईनासे होते. पाटे काढले असतील, तर यू-बोल्ट नवे घ्यावेत. एकदा ताणलेला यू-बोल्ट पूर्वीइतका घट्ट धरत नाही. शे-दोनशे किलोमीटर गाडी चालल्यावर ते पुन्हा आवळणे बहुतेक जण विसरतात.

तेल, पाणी आणि पावसाळा

गिअरबॉक्स आणि डिफरन्शियल या दोन्हींत ‘नव्वद नंबर’ तेल घाला, असे सांगितले जाते. नंबर बरोबर, पण प्रतही पाहावी लागते. डिफरन्शियलमधील हायपॉइड दात्यांना ‘जीएल-5’ प्रतीचे तेल लागते. त्यातील गंधकयुक्त घटक मात्र जुन्या गिअरबॉक्समधील पितळी रिंगांना बाधतात, म्हणून तिथे ‘जीएल-4’ इष्ट.

ओढा ओलांडून आल्यानंतर आठवड्याने डिफरन्शियलचा प्लग खोलावा. आतून ताकासारखे पांढुरके तेल आले, तर पाणी शिरलेले आहे. ते शिरते कसे, हे पाहण्यासारखे आहे. चालून तापलेले हाउसिंग थंड पाण्यात बुडाले, की आतली हवा आकसते आणि ऑईल सीलच्या फटीतून पाणी ओढून घेते. हवा जायला-यायला असलेला ब्रीदर चिखलाने बुजला असेल, तर हे हमखास घडते. ब्रीदरला रबरी नळी जोडून तिचे टोक बॉनेटखाली उंचावर बांधले, की प्रश्न मिटतो. शे-दोनशे रुपयांत, अर्ध्या तासात होणारी ही सुधारणा हजारो रुपयांच्या बेअरिंग आणि क्राउन-पिनियनचे रक्षण करते. एवढे असूनही ती क्वचितच केलेली दिसते, कारण ती बाहेरून दिसत नाही.

मंद दिव्यांची तक्रारही अशीच. अधिक वॅटचे बल्ब घालण्याआधी जुन्या बारीक वायरी आणि झिजलेला स्विच वाटेत किती व्होल्ट गिळतात, ते मीटरने पाहावे. बॅटरीपासून फ्यूजसह जाड वायर आणि रिले टाकला, तर मूळ बल्बही लख्ख लागतात. 60 वॅटचे दोन दिवे मिळून सुमारे 10 अँपिअर खेचतात. एवढा प्रवाह डॅशबोर्डवरच्या जुनाट स्विचमधून नेणे म्हणजे आगीला निमंत्रण.

टायर आणि कायदा

मूळ 6.00-16 टायरचा व्यास साधारण साडेअठ्ठावीस इंच भरतो. त्याजागी 31 इंची टायर घातले, तर स्पीडोमीटर सुमारे 8 टक्के कमी वेग दाखवतो. काटा 60 वर असताना गाडी 65 ने धावत असते. चढाला ओढ घटते, बेअरिंगवरचा भार वाढतो आणि ब्रेकला पूर्वीपेक्षा अधिक जोर लावावा लागतो. शिवाय कोरड्या डांबरी रस्त्यावर फोर व्हील लावून हिंडण्याची सवय असेल, तर ती मोडावी. या गाड्यांत पुढच्या-मागच्या शाफ्टमध्ये डिफरन्शियल नसते. वळणावर निर्माण होणारा पीळ सुटायला वाट न मिळाल्याने ट्रान्स्फर केस आणि शाफ्टचे क्रॉस त्याची किंमत मोजतात.

कायदा याहून कडक आहे. मोटार वाहन कायदा 1988 च्या कलम 52 नुसार नोंदणी पुस्तकातील मूळ तपशिलांपेक्षा वेगळे फेरफार करता येत नाहीत, आणि जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हीच बाब अधोरेखित केली. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने अनधिकृत फेरफारासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक फेरफारामागे पाच हजार रुपये दंड अथवा दोन्हींची तरतूद केली. पुढे लावायच्या जाड लोखंडी गार्डविरुद्ध केंद्राने डिसेंबर 2017 मध्येच राज्यांना कळवले होते. इंजिन बदलायचे तर आरटीओची परवानगी आधी घ्यावी लागते, नंतर नव्हे. दुसऱ्या जातीचे डिझेल इंजिन घातलेली, पण कागदावर पेट्रोल असलेली जीप स्वस्तात मिळाली म्हणून आनंदून जाणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे. पंधरा वर्षांनंतर नोंदणीचे नूतनीकरण पाच-पाच वर्षांसाठी होते आणि प्रत्येक वेळी गाडी तपासणीसाठी उभी करावी लागते. चॅसिस क्रमांक गंजाखाली वा रंगाखाली गेला असेल, तर तिथेच घोडे अडते.

पन्नास वर्षांहून जुन्या गाडीसाठी 2021 पासून ‘व्हीए’ अक्षरांची स्वतंत्र व्हिंटेज नोंदणी उपलब्ध आहे. नव्या नोंदणीचे शुल्क वीस हजार रुपये आहे. मात्र गाडी मूळ रूपात असावी लागते आणि नित्याच्या वापरासाठी ती रस्त्यावर आणता येत नाही. त्यामुळे 1960 च्या दशकातील सीजे-3बीच्या मालकापुढे निवड उरते ती अशी : मूळ ड्रम ब्रेक जपून गाडी प्रदर्शने आणि रॅलींपुरती ठेवायची, की साधी नोंदणी राखून, आरटीओला विचारून, तिला घाटात नेण्याजोगी करायची. सुट्या भागांसाठी पुण्यातील नाना पेठ आणि मुंबईत कुर्ल्याच्या बाजारात फेरी मारण्याआधी हा निर्णय झालेला बरा.